पिवळी तिळवण चिकट आहे, मांसाहारी नाही

पावसाळ्यात व्हॉट्सॲपवर एका पिवळ्या रानफुलाचा फोटो फिरतो. खाली मजकूर: ‘ही परदेशी कीटकभक्षी वनस्पती. डास पकडून खाते. बिया कपड्यांना चिकटून पसरतात. बी विषारी, पण पाल्याचा रस कानदुखीवर रामबाण. अंगणात जरूर लावा.’ फोटो पिवळ्या तिळवणीचा आहे, तेवढं एक खरं.

कीटकभक्षी कशावरून? तर पानांवर मेलेली चिलटं दिसतात. दिसतात, खरंच. खोड, पानं, शेंगा, सगळीकडे बारीक लव आणि तिच्यातून पाझरणारा उग्र वासाचा चिकटा. हात लावला की बोटं चिकचिकलीच. पण चिलट चिकटलं म्हणजे ते झाडाच्या पोटात गेलं असं नव्हे. कासच्या सड्यावरचं ड्रॉसेरा, म्हणजे दवबिंदू, कीटक धरतं, त्याच्यावर पाचक रस सोडतं आणि सुटलेलं नत्र शोषून घेतं. कारण सड्यावरच्या पातळ मातीत नत्राची वानवा. तिळवण कुठे वाढते? उकिरड्याकडेला, बांधावर, बांधकामासाठी टाकलेल्या मातीच्या ढिगावर. तिच्यावरचं चिलट नुसतं वाळून जातं. चिकटा आहे तो पाला कुरतडणाऱ्यांना अडवायला. तोही सगळ्यांना अडवत नाही म्हणा: सायकी हे जमिनीलगत उडणारं, पांढऱ्या पंखावर काळा ठिपका असलेलं नाजूक फुलपाखरू, त्याच्या अळ्या हाच पाला खातात.

डासांसाठी ही लावण्यापेक्षा कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी ओता.

आता बिया. चिकट असते ती शेंग, बी नव्हे. शेंग बारीक, बोटभर लांब, आभाळाकडे तोंड करून उभी. वाळली की टोकाकडून खाली दोन फाकांत उकलते. आतलं बी मोहरीहून लहान, तपकिरी-काळं; भिंगातून पाहिलं तर गोगलगायीच्या शंखासारखं वळलेलं, अंगावर आडव्या वळ्या. ना काटा, ना आकडा. कपड्यांना धरायचं तर आघाडा आहे, कुसळी आहे. तिळवणीचं बी आईच्या पायाशीच सांडतं आणि पुढे पावसाच्या लोंढ्याबरोबर, चिखलाबरोबर, डंपरमधल्या मातीबरोबर जातं. म्हणून नव्या सोसायटीच्या आवारात ती अचानक ‘कुठून आली’ असं वाटतं.

परदेशी तर मुळीच नाही. मलबारच्या वनस्पतींवरच्या, 1678 ते 1693 या काळात ॲमस्टरडॅमला छापलेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’मध्ये ती आहे. उलट अमेरिका खंडात ती बाहेरून गेलेली. बाहेरून आलेल्या काँग्रेस गवताशी तिची तुलना करणाऱ्यांनी दोन्ही नीट पाहिलेली नसावीत.

कानाचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. हा उपचार जुना आहे, कबूल. पण वाटलेला पाला कातडीवर बांधला तरी लाली येते, फोड येतात. तोच रस कानात, आणि पडद्याला आधीच भोक असेल तर? कान दुखतोय तर डॉक्टरला दाखवा.

आणि ‘विषारी’ बी? गढवालात त्याला जखिया म्हणतात आणि बटाट्याच्या भाजीला त्याचीच फोडणी देतात. दाताखाली कुरकुरीत लागतं. उत्तराखंडच्या बाजारात ते पुड्यांतून विकतही मिळतं. आपल्याकडे मोहरी हाताशी असल्यामुळे कुणी ते गोळा करत बसत नाही, इतकंच.