लीक झालात? अभिनंदन!

तुमचा डेटा अजून कुठेच लीक झाला नसेल तर चारचौघात बोलू नका, लोकांना वाटेल हा माणूस काही मागवत-बिगवत नाही की काय.

ट्रॉय हंट नावाचा एक ऑस्ट्रेलियन गृहस्थ २०१३ पासून 'हॅव आय बीन पोन्ड' ही साइट चालवतो. तिथे आपला ईमेल टाकला की तो कुठल्या कुठल्या चोरीत सापडला त्याची यादी येते, तीही फुकट. पण तुम्ही मुळीच टाकू नका हं! अनोळखी साइटवर ईमेल कसा काय द्यायचा? ईमेल, मोबाईल आणि बायकोची जन्मतारीख ही मॉलमधल्या लकी ड्रॉच्या डब्यात टाकायची असते, आणि आधारची झेरॉक्स अप्पा बळवंत चौकात काढून, एक कॉपी मशीनवर तशीच विसरून यायची असते.

आपल्याकडच्या एकूण चोऱ्यांची यादी बघाल तर उगाच जेवण जाणार नाही. २०२० मध्ये बिगबास्केट, २०२१ मध्ये एअर इंडियाचे ४५ लाख प्रवासी, पासपोर्टच्या माहितीसकट. त्याच वर्षी डॉमिनोज. तिथे तर चोरांनी चक्क सर्चची सोय केली होती, मोबाईल नंबर टाका आणि कुठल्या पत्त्यावर पिझ्झा गेला ते बघा. म्हणजे एकादशी धरणारा सदाशिव पेठेतला माणूस कर्वेनगरला मित्राच्या पत्त्यावर काय काय मागवतो ते घरबसल्या कळणार, इतकी तत्पर सेवा आपल्याला एरवी कोण देतं सांगा.

पासवर्ड तपासायचीही सोय आहे त्याच साइटवर, पासवर्ड जात नाही, त्याच्या हॅशची, म्हणजे पासवर्डपासून बनवलेल्या सांकेतिक अक्षरांच्या ओळीची, पहिली ५ अक्षरंच जातात, बाकीचं जुळवणं तुमच्याच कॉम्प्युटरवर होतं. पण नकोच. 'मोरया@१२३' फारच जुना वाटला तर 'मोरया@१२३४' करा आणि बँकेपासून भिशीच्या ॲपपर्यंत सगळीकडे तोच ठेवा, लक्षात राहतो.

कंपनीवर मात्र रागावू नका. बिचारी शुक्रवारी रात्री उशिरा मेल पाठवते की आम्ही तुमच्या प्रायव्हसीबाबत अत्यंत गंभीर आहोत. (चोरी झाल्यावर गंभीर व्हायला काय जातं म्हणा.) शिवाय २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे ना, दंड २५० कोटींपर्यंत! तो जमा होणार सरकारी तिजोरीत, डेटा तुमचा गेला तरी तुमच्या हाती फुटकी कवडी नाही, उलट तुम्ही खोटी तक्रार केलीत तर १० हजारांपर्यंत दंड तुम्हालाच.

आणि सोसायटीच्या गेटवरचं ते रजिस्टर विसरू नका, सुतळीला बांधलेलं पेन, नाव, मोबाईल, गाडी नंबर, कोणाकडे. स्वच्छ अक्षरात लिहा, मागे उभ्या असलेल्या माणसाला वाचता आलं पाहिजे.

मग एक दिवस फोन येईल, समोरचा तुमचं नाव, पॉलिसी नंबर, पत्ता, सगळं घडाघडा म्हणून दाखवेल. घाबरून १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनला वगैरे फोन लावत बसू नका. आपण पुणेकर आहोत, आधी त्याची चूक दुरुस्त करा: "अहो, सहकारनगर नंबर एक नाही, दोन. आणि विंग सी."