पावसात दूध नव्हतं आणि झाडाला कुणी लटकलेलं नव्हतं

जुन्या हॉलिवूडचे पडद्यामागचे किस्से सध्या धडाधड शेअर होतात. ‘तुम्हाला माहीत आहे का?’ अशी सुरुवात, खाली एखाद्या नटीचा कृष्णधवल फोटो आणि दोन ओळींचा चटपटीत मजकूर. त्यातले बरेच खोटे असतात आणि जे खरे असतात ते अर्धेच सांगितलेले असतात. मला याचा राग येतो, कारण खोटा किस्सा जिथे जाऊन चिकटतो तिथे मुळात कुणाचं तरी कसब असतं. किस्सा लोकांच्या तोंडी राहतो आणि ते काम करणाऱ्याचं नाव पुसलं जातं.

सगळ्यात जास्त फिरणारा किस्सा घ्या. ‘सिंगिंग इन द रेन’ (१९५२) मधला पाऊस पडद्यावर दिसावा म्हणून पाण्यात दूध मिसळलं होतं म्हणे. नव्हतं. पाणी पारदर्शक असतं. समोरून लाईट टाकला तर तो थेंबांतून आरपार निघून जातो आणि कॅमेऱ्याला पाऊस धड दिसतच नाही. म्हणून लाईट थेंबांच्या मागे, कॅमेऱ्याच्या दिशेने रोखून ठेवायचा आणि त्यामागे काळोख राखायचा. मग प्रत्येक थेंबाची कड उजळते आणि पावसाच्या रेघा उमटतात. पण मागून लाईट आला की नटाचा चेहरा काळवंडतो. त्यासाठी पुढून वेगळा लाईट द्यावा लागतो आणि तो जरा जास्त झाला की पाऊस पुन्हा पुसट होतो. शिवाय त्या रस्त्यावर दुकानांच्या काचा आहेत, त्यांत दिवे दिसून चालत नाहीत. हे सगळं कॅमेरामन हॅरल्ड रॉसनने जमवलं. ‘दूध घातलं होतं’ म्हटलं की रॉसनचं सगळं काम एका वाक्यात वाया गेलं.

खात्री करायची असेल तर गाणं लावा आणि शेवटाकडे नायक जीन केली डबक्यांत थयथयाट करतो तिथे थांबवा. उडणारं पाणी नितळ आहे आणि ओल्या रस्त्यात दिव्यांची प्रतिबिंबं पडली आहेत. दुधाळ पाण्याची डबकी पांढुरकी दिसली असती आणि प्रतिबिंबं मेली असती. ती डबकीही आपोआप साचलेली नाहीत. नाचात पाय जिथे पडणार तिथे रस्ता खणून मुद्दाम खळगे केले होते. शूटिंग दिवसा झालं. एमजीएम स्टुडिओच्या आवारातल्या त्या रस्त्यावर काळी ताडपत्री ताणून रात्र केली होती. केलीच्या अंगात १०३ ताप होता, ही गोष्ट खरी. लोकरीचा सूट भिजून आटत होता, हीही खरी.

याच सिनेमाची दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते, आणि ती फारशी कुणी सांगत नाही. कथा अशी की कर्कश आवाजाच्या नटीला म्हणजे लीनाला गोड आवाजाची कॅथी पडद्यामागून आवाज देते. कॅथी झाली होती डेबी रेनॉल्ड्स, तेव्हा अवघी १९ वर्षांची. कॅथी लीनाचे संवाद डब करते त्या प्रसंगात ऐकू येणारा आवाज मात्र रेनॉल्ड्सचा नाही. तो आहे लीनाचं काम करणाऱ्या जीन हेगनचा स्वतःचा, नैसर्गिक आवाज. म्हणजे हेगनच हेगनला डब करत्येय! आणि ‘वुड यू’ हे गाणं गायलंय बेटी नॉइसने. दुसऱ्याच्या आवाजाचं श्रेय लाटणं कसं वाईट, हे सांगणाऱ्या सिनेमाच्या श्रेयनामावलीत नॉइसचं नाव नाही.

रॉसनकडे परत येतो, कारण ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ (१९३९) चा कॅमेरामनही तोच. या सिनेमावर जितक्या भाकडकथा रचल्या गेल्या तितक्या क्वचितच दुसऱ्या कुठल्या सिनेमावर रचल्या गेल्या असतील. त्या बाजूला सारायच्या तर आधी टेक्निकलर म्हणजे काय ते नीट समजून घ्यायला हवं, कारण त्या सेटवरच्या बहुतेक त्रासाचं मूळ तिथे आहे.

टेक्निकलर ही रंगीत चित्रीकरणाची पद्धत. तिच्या कॅमेऱ्यात एकाच वेळी तीन फिल्मी पळायच्या. भिंगामागे एक प्रिझम. त्यातून प्रकाशाचा एक भाग सरळ जाऊन हिरव्या रंगाची नोंद करणाऱ्या फिल्मवर पडायचा. उरलेला बाजूला वळून एकमेकींना चिकटून धावणाऱ्या दोन फिल्मींवर जायचा. पुढची निळा टिपायची, मागची लाल. तिन्ही निगेटिव्ह कृष्णधवलच! रंग चढायचे ते पुढे लॅबमध्ये, पिवळा, किरमिजी आणि निळसर अशा तीन रंगांचे थर एकावर एक छापून. प्रकाशाची अशी वाटणी झाल्यावर प्रत्येक फिल्मच्या वाट्याला फारच थोडा उजेड यायचा. सगळं मिळून संवेदनशीलता आजच्या आयएसओ मापात जेमतेम पाचच्या आसपास. त्यामुळे कार्बन आर्कच्या दिव्यांची रांग लागायची आणि सेटवरचं तापमान ३८ अंशांच्या वर जायचं. त्या भट्टीत सिंहाचं काम करणारा बर्ट लार खऱ्या सिंहाच्या कातड्याचा पोशाख घालून उभा असायचा. तोंडावरचा मेकअप बिघडू नये म्हणून जेवणही नळीने ओढून घेण्यासारखं, पातळ.

हा सिनेमा ज्या कादंबरीवर बेतलाय तिच्यात नायिका डोरोथीचे जोडे चंदेरी आहेत. पटकथाकार नोएल लँगलीने ते लाल केले, कारण पिवळ्या विटांच्या रस्त्यावर चंदेरी काय उठून दिसणार? पण लालभडक टिकल्या वापरल्या असत्या तर पडद्यावर त्या नारिंगीकडे झुकल्या असत्या, म्हणून प्रत्यक्षातल्या टिकल्या गडद, वाइनसारख्या लाल आहेत. संग्रहालयातला जोडा बघून ‘रंग उतरला वाटतं’ असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. काळाने थोडा फरक पडलाय, पण तो मुळातच गडद होता. यातलाच एक जोड २००५ साली डोरोथी झालेल्या ज्युडी गार्लंडच्या नावाच्या, मिनेसोटातल्या संग्रहालयातून चोरीला गेला, २०१८ साली सापडला आणि डिसेंबर २०२४ मध्ये लिलावात २ कोटी ८० लाख डॉलरला गेला.

आता ज्यासाठी मी हा सिनेमा पुन्हा पुन्हा बघायला सांगतो तो शॉट. चक्रीवादळानंतर डोरोथी घराचं दार उघडते आणि तपकिरी जग एकदम रंगीत होतं. कॅन्ससचा, म्हणजे डोरोथीच्या घरचा भाग कृष्णधवल फिल्मवर घेऊन प्रिंटला सेपिया छटा दिली होती. मग एकाच शॉटमध्ये, मध्ये न कापता, तपकिरीतून रंगात कसं गेले? काही वेळा ‘फ्रेम हाताने रंगवल्या’ असं लिहिलेलं दिसतं. खरी युक्ती अशी की तो आख्खा शॉट टेक्निकलरमध्येच घेतलाय. घराचा आतला भाग, दार, भिंती सगळं तपकिरी छटांनी रंगवलं. दार उघडते ती ज्युडी गार्लंड नाहीच, तिच्या जागी बॉबी कोशे नावाची बाई आहे, तपकिरी चौकडीचा फ्रॉक घालून, कॅमेऱ्याकडे पाठ करून. ती दार उघडून बाजूला सरकते, कॅमेरा दारातून पुढे जातो आणि तेवढ्यात निळ्या चौकडीच्या फ्रॉकमधली गार्लंड चौकटीत येते. नीट बघितलंत तर दार उघडणारीचा चेहरा एकदाही दिसत नाही. ना लॅबची करामत, ना ट्रिक फोटोग्राफी. रंगाऱ्याचा ब्रश, दोन फ्रॉक आणि वेळेवर बाजूला होणारी एक बाई.

या सिनेमातल्या इजांचे किस्से मात्र दुर्दैवाने बहुतांशी खरे आहेत, आणि ते ‘रंजक माहिती’ म्हणून सांगितले जातात हे मला खटकतं. टिन मॅनचं, म्हणजे पत्र्याच्या माणसाचं काम आधी बडी एब्सनकडे होतं. पांढऱ्या रंगावर ॲल्युमिनियमची कोरडी पूड मारायचे. ती श्वासावाटे आत जात राहिली आणि शूटिंग सुरू होऊन थोडेच दिवस झाले असताना त्याला श्वास घेता येईना. हॉस्पिटलात ऑक्सिजनवर ठेवावं लागलं. स्टुडिओने जॅक हेलीला आणलं आणि पुडीच्या जागी लेप वापरायला सुरुवात केली. म्हणजे चूक कुठे झाली ते त्यांना कळलं होतं. गाणी आधीच रेकॉर्ड झाल्यामुळे ‘वी आर ऑफ टू सी द विझर्ड’च्या कोरसमध्ये एब्सनचा आवाज तसाच राहिला.

चेटकीण झालेली मार्गारेट हॅमिल्टन २३ डिसेंबर १९३८ ला भाजली. धूर उठायचा, ती जमिनीतल्या झडपेतून लिफ्टने खाली जायची, मग ज्वाळा उठायच्या, असा क्रम ठरला होता. एका टेकला ती पुरती खाली जायच्या आत ज्वाळा उठल्या. चेहरा आणि हात भाजला. तिच्या हिरव्या मेकअपमध्ये तांबं होतं, तो भाजलेल्या कातडीवर ठेवणं धोक्याचं. म्हणून तशा चेहऱ्यावरून तो अल्कोहोलने पुसून काढला. सुमारे सहा आठवड्यांनी ती परतली ती ‘आगीजवळ काम करणार नाही’ या अटीवर. पुढे धूर सोडणाऱ्या झाडूवर बसायला तिने नकार दिला, तेव्हा तिच्या जागी बदली कलाकार बेटी डँको बसली. धुराची नळी फुटली आणि डँकोच्या पायाला मोठी जखम झाली. हॅमिल्टनचं नाव निदान लोक घेतात, डँकोचं कुणी घेत नाही.

आणि तो झाडाला लटकलेला माणूस. जंगलातून तिघं नाचत निघतात तेव्हा मागे एका बुटक्या कलाकाराने फास घेतलेला दिसतो, असा व्हिडिओ वर्षानुवर्षं फिरतोय. मागे हलतो तो एक मोठा पक्षी आहे. जंगलाच्या सेटला जिवंतपणा यावा म्हणून प्राणिसंग्रहालयातून पक्षी आणून सोडले होते. तो पंख पसरतो तेवढंच. जुन्या धूसर व्हिडिओ कॅसेटमुळे या अफवेला बळ मिळालं. स्वच्छ केलेली प्रत बघा, चोचीसकट पक्षी दिसतो. या अफवेने नुकसान कुणाचं झालं? मंचकिन्सचं, म्हणजे ऑझमधल्या बुटक्या रहिवाशांचं काम करणाऱ्या सव्वाशेच्या आसपास कमी उंचीच्या कलाकारांचं. श्रेयनामावलीत त्यांची नावं नाहीत, ‘द सिंगर मिजेट्स’ एवढ्या दोन-तीन शब्दांत सगळे उरकले. वर लोकांच्या तोंडी त्यांच्याबद्दल काय, तर एक खोटी आत्महत्या.

‘कॅसाब्लांका’ (१९४२) बद्दल थोडक्यात. नायक रिकची भूमिका रोनाल्ड रेगन करणार होता, हे धादांत खोटं. जानेवारी १९४२ मध्ये वॉर्नर ब्रदर्सच्या प्रसिद्धी विभागाने तशी बातमी पेरली होती, नट चर्चेत राहावेत म्हणून. त्या काळी स्टुडिओ अशा बातम्या सर्रास सोडायचे आणि आपण त्यांची जाहिरात आज ‘इतिहास’ म्हणून वाटतोय. ‘शेवट कुणालाच माहीत नव्हता’ हे अर्धसत्य आहे. संवाद शूटिंग चालू असताना लिहिले जात होते आणि नायिका इन्ग्रिड बर्गमनला आपलं प्रेम नक्की कुणावर ते सांगितलं गेलं नव्हतं, हे खरं. पण तेव्हाच्या सेन्सॉर नियमावलीत विवाहित बाईने नवऱ्याला सोडून प्रियकराबरोबर जाणं बसतच नव्हतं, त्यामुळे शेवटाला वाटाच कमी होत्या.

विमानतळाच्या प्रसंगातलं मागचं विमान हे लहान मापाचं, सपाट बनवलेलं आहे. ते खऱ्याएवढं भासावं म्हणून त्याच्या अवतीभवती मेकॅनिक म्हणून कमी उंचीची माणसं उभी केली आणि कडा लपवायला धुकं सोडलं. ज्या धुक्याला आपण वातावरणनिर्मिती म्हणतो ते आधी झाकपाक होतं. उत्तम झाकपाक!

‘ॲज टाइम गोज बाय’ हे गाणं संगीतकार मॅक्स स्टायनरला बदलायचं होतं. पण त्यासाठी बर्गमनचे काही प्रसंग पुन्हा घ्यावे लागले असते, आणि तिने पुढच्या सिनेमासाठी केस बारीक कापले होते. गाणं राहिलं. पियानोवर बसलेला डूली विल्सन मुळात ड्रमवादक, त्याला पियानो येत नव्हता. गातो तोच, वाजवणारा मात्र एलियट कार्पेंटर. तो विल्सनला दिसेल अशा जागी, कॅमेऱ्याच्या बाहेर बसायचा, म्हणजे हात कसे फिरतात ते बघून विल्सनला हुबेहूब करता यावं. रिकच्या कॅफेतला पियानो २०१४ साली न्यूयॉर्कच्या लिलावात ३४ लाख डॉलरला विकला गेला, त्या बातमीखालच्या कॉमेंटमध्ये कार्पेंटरचं नाव शोधून बघा.

किस्सा पुढे पाठवण्याआधी तो तपासता येतो. या गोष्टीची त्या शॉटला तांत्रिक गरज होती का? दुधाला नव्हती, तपकिरी फ्रॉकला होती. तो पहिल्यांदा छापून कधी आला, सिनेमा प्रदर्शित होण्याआधी स्टुडिओच्या पत्रकातून की नंतर कामगारांच्या मुलाखतींतून? आणि कागद आहे का? स्टुडिओत रोजचा अहवाल लिहिला जायचा, कोण किती वाजता आलं, किती टेक झाले, काम कशामुळे थांबलं, सगळं. वॉर्नरचे कागद साउदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात आहेत, इतर बरंच काही बेव्हर्ली हिल्सच्या मार्गारेट हेरिक लायब्ररीत. तिथवर जायची गरज नाही, चांगल्या ब्लू-रेवरच्या अभ्यासकांच्या कॉमेंटरीत या अहवालांचे दाखले असतात. तुमच्याकडे असा एखादा ऐकीव किस्सा असेल तर सिनेमाचं नाव आणि प्रसंग खाली लिहा. शॉट बघून तो तांत्रिकदृष्ट्या शक्य होता का, ते मी सांगेन.