सीमाभागात मराठी पिच्चर कसा आवडून घ्यावा

बेळगावात मराठी पिच्चर बघून बाहेर पडलात की लगेच तोंड उघडू नका, आधी मोबाईल उघडा. ग्रुपवर पहिल्यानं जे लिहिलंय तेच तुमचं मत.

डुलकी लागली असेल तर ‘संथ, पण आशयघन’ म्हणावं.

पुण्याच्या पेपरानं तीन तारे दिले असतील तर आपण चार द्यावेत. निष्ठा आपल्यालाच जास्त सिद्ध करावी लागते.

पिच्चर बघितला नसेल तर आणखी उत्तम. मत पक्कं राहतं.

आणि काही खटकलंच, तर ते पोटात ठेवून घरी जावं. मी परवा ठेवलं नाही. ग्रुपवर एवढंच लिहिलं, की इंटरव्हलनंतर पिच्चर ताणलाय, आणि गडहिंग्लजच्या खेड्यातली आई सदाशिव पेठेतल्यासारखी बोलते. झालं! “बेळगावात मराठी पिच्चर लागतोय हेच मोठं, आणि तू खोड्या काढायलास?” “त्यांच्या हातात आयतं कोलीत दिलास बघ.” एक काका तर थेट सीमालढ्यावर आले. काकांनी पिच्चर बघितला नव्हता, पण हुतात्म्यांची आठवण करून दिली. अहो काका, सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे. माझ्या दोन ओळींनी त्याची तारीख पुढे गेलेली नाही. बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधाची, एक नोव्हेंबरच्या काळ्या दिनाची फेरी निघते, तिच्यात मीही असतो. तिथं घोषणा एका सुरात द्यायच्या असतात, थिएटरात नाही!

रात्री त्याच ग्रुपमधल्या एकाचा खासगीत मेसेज: “मलाबी लई बोअर झालं ओ. पण ग्रुपवर कसं बोलायचं?” दुपारी याच गृहस्थांनी ‘अप्रतिम’ लिहून पुढे तीन भगवे झेंडे लावले होते.

१९५१ साली सॉलोमन अ‍ॅश नावाच्या मानसशास्त्रज्ञानं एक प्रयोग प्रसिद्ध केला. रेघांची लांबी ओळखायची, एवढंच काम. खोलीतले बाकीचे सगळे सामील. ते ठरवून चुकीचं उत्तर द्यायचे. समोर धडधडीत दिसत असूनही साधारण एक तृतीयांश वेळा खऱ्या माणसानं त्यांचीच री ओढली. पण खोलीत दुसऱ्या एकानं जरी बरोबर उत्तर दिलं, तरी ही री ओढणं एकदम कमी व्हायचं. तो दुसरा एक म्हणजे तुम्ही होता, मेसेजवाले दादा. आणि तुम्ही झेंडे लावत बसला होता.

‘शोले’ १९७५ साली आला तेव्हा बऱ्याच समीक्षकांनी त्याला झोडपलं. चुकले ते. पण चारचौघांत, छापून चुकले. तुम्हाला चुकायचीसुद्धा भीती वाटते. वाईट पिच्चरला तुम्ही अप्रतिम म्हणता, मग खरोखर चांगला आला की त्याला काय म्हणणार? आणि तोवर तुमच्यावर विश्वास ठेवून तिकीट काढणार कोण? शहापूर-वडगावातनं बायकापोरं घेऊन पदरचे पैसे घालून लोक येतात, ते तुमच्या तीन झेंड्यांवर.

कंटाळा आला होता ना? मग ग्रुपवर लिहा. मला खासगीत मेसेज करू नका, उत्तर देणार नाही.