उंची नका सांगू, तळ सांगा

पाऊस लागला आणि गोदावरीवरच्या गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की नाशिककरांच्या मोबाइलवर दोन गोष्टी हमखास येतात. ज्याच्यावरून नाशिककर पुराची पातळी मोजतात त्या नदीतल्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं त्याचा फोटो, आणि सोमेश्वर धबधब्याच्या कातळावरून कुणीतरी ठोकलेल्या उडीचा रील. पहिला मीही फॉरवर्ड करतो. दुसऱ्याखाली 'मरायला जातात' असं लिहिणारे असतात आणि 'भावा, कडक!' लिहिणारे त्यांच्या दुप्पट. मला दोघांशीही भांडायचंय.

उडी मारणं हा काही गुन्हा नाही. आमच्याकडची कितीतरी पोरं विहिरीत मुटके मारतच पोहायला शिकली. डोकं फिरतं ते कौतुकाच्या पद्धतीने. 'तीस फुटांवरून मारली!' अरे, पण तीस फुटांखाली काय होतं? कुणालाच माहीत नसतं, मारणाऱ्यालाही.

उंचीचा हिशोब शाळेतल्या भौतिकशास्त्राचा आहे. ५ मीटरवरून पडलात तर ताशी साधारण ३५ किलोमीटरने पाण्यावर आदळता, १० मीटरवरून ५० ने. ऑलिंपिकमधला सगळ्यांत उंच प्लॅटफॉर्म १० मीटरचाच, आणि त्याखाली चांगलं ५ मीटर खोल, नितळ, मोजून ठेवलेलं पाणी. त्याहून उंच उड्यांची स्पर्धा २०१३ पासून जलतरणाच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत होते. पुरुष २७ मीटरवरून, महिला २० मीटरवरून. ही मंडळी आयुष्यभर सराव करून आलेली, तरी पाण्यात शिरताना पाय आधी. डोकं पुढे करायची हिंमत तिथे कुणी करत नाही, आणि खाली पाणबुडे तयारच असतात. इकडे आमचा पठ्ठ्या दोन मिसळी हाणून, तळ न बघता सूर मारतो.

आता आपली नदी बघा. गोदावरीचं पात्र म्हणजे काळा बेसाल्ट. त्यात वाहत्या पाण्याने आणि गोट्यांनी कोरलेले रांजणखळगे. पंधरा फूट डोहाला लागूनच, हातभर पाण्याखाली, कातळाची कपार असू शकते. उन्हाळ्यात ती दिसते. पावसाळ्यात पाणी चहासारखं असतं, त्यात स्वतःचे गुडघे दिसत नाहीत. शहरातल्या काही कुंडांना तर आपण काँक्रीटचा तळ करून ठेवला. तिथे सूर मारणं म्हणजे ओट्यावर डोकं आपटणं.

यावर ठरलेलं उत्तर येतं: 'काका, आम्ही लहानपणापासून इथेच मारतो.' मला सगळ्यांत जास्त भीती याच वाक्याची वाटते. काठ ओळखीचा असेल हो, पण पाणी रोज नवं असतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. हजार क्युसेक सोडले की दर सेकंदाला २८ हजार लिटर पात्रातून जातं, आणि विसर्ग कमी केला की काही तासांत पातळी उतरते. सकाळी जिथे पुरुषभर पाणी होतं तिथे संध्याकाळी कमरेएवढं. पुरात दगड सरकतात, झाडाचं खोड येऊन अडकतं, गाळ बसतो. गेल्या वर्षीच्या शंभर उड्या आजच्या एका उडीची हमी देत नाहीत.

गोदाकाठी बुडणाऱ्यांना काढणाऱ्या पोरांपैकी एकाला मी मागे विचारलं होतं, 'तू स्वतः तर मारतोस की.' तो म्हणाला, 'मी आधी उतरतो ना काका.' आणि करूनच दाखवलं. काठावरून पायाने चाचपत आत गेला, बुडी घेतली, मूठ वर काढून उघडली: बारीक खडी. 'मागच्या आठवड्यात इथं गाळ होता,' म्हणाला. मग दोन हात बाजूला जाऊन पुन्हा बुडी. वर आल्यावर त्याने जागा बदलली, आणि तरीही उडी पायावरच मारली. याचा रील कोण बघणार म्हणा!

धबधब्याखालच्या पांढऱ्या पाण्याबद्दल एक अर्धवट माहिती फिरते की ते मऊ असतं. आदळताना थोडं खरंही आहे. डायव्हिंगच्या सरावात तळातून हवेचे बुडबुडे सोडतात ते त्यासाठीच. पण त्या फेसात हवा असते, त्यामुळे शरीर तरंगायला कमी आधार मिळतो आणि हात मारले तरी पाणी पकडत नाही. त्यात धारेखालचा भोवरा माणसाला पुन्हा पुन्हा धारेकडेच ओढतो. चांगला पोहणाराही तिथे अडकतो.

प्रशासनाचं म्हणाल तर दर पावसाळ्यात धबधब्यांवर बंदीचे आदेश निघतात. पोरं मग दुसऱ्या बाजूने, जिथे माणसं नाहीत तिथे जाऊन उडी मारतात, म्हणजे काढायलाही कुणी नाही. मला विचाराल तर सोमेश्वरसारख्या ठिकाणी कातळावर पाण्याची खोली दाखवणाऱ्या फुटांच्या खुणा रंगवा आणि सुट्टीच्या दिवशी दोन जीवरक्षक बसवा. खर्च कितीसा? सिंहस्थाच्या तयारीत एवढं सहज बसेल.

आणि कुणी डोक्यावर आपटलाच, तर हातापायांना धरून ओढत काठावर आणू नका. मान मोडलेली असू शकते आणि त्या ओढाओढीत मज्जारज्जूला आणखी इजा होते. मग मानेखालचं सगळं जातं, हातसुद्धा. तोंड पाण्याबाहेर ठेवा, डोकं आणि पाठ एका रेषेत धरून तरंगत ठेवा, १०८ ला फोन करा, फळी मिळाली तर तिच्यावरूनच बाहेर काढा. पाणी ओढत असेल किंवा श्वास थांबला असेल तर मात्र थांबू नका, आधी बाहेर काढा.

पुरात होळकर पुलावरून उड्या मारणाऱ्यांची परंपरा वगैरे कमेंटमध्ये काढू नका. त्यावर वेगळं भांडू.