पासिंगच्या आकड्यात शिवार दिसत नाही

दिवाळी 2025 नंतर एक मेसेज लातूरपासून देगलूरपर्यंत ग्रुपाग्रुपांवर फिरला. अतिवृष्टीच्या मदतीचा विषय निघाला की कुणीतरी तो अजूनही परत टाकतं. मजकूर थोडक्यात असा: ‘ऑक्टोबरमध्ये देशात 40 लाख गाड्या खपल्या, 40 टक्के वाढ. मराठवाडा बुडाला म्हणता, मग शोरूमपुढं रांगा कुणाच्या? ट्रॅक्टरसुद्धा धडाधड गेले. कंपन्यांचे आकडे बघा. पैसा आहे लोकांकडं, मदत मागायची सवय लागली आहे.’

मी बरीच वर्षं शोरूममध्ये पासिंगची कागदं केली आहेत. दर महिन्याला हे आकडे बघायची सवय तेव्हापासूनची. त्यामुळं हा मेसेज वाचून गप्प बसवत नाही.

‘40 लाख, 40 टक्के वाढ’

आकडा खरा आहे. वाहन विक्रेत्यांची देशपातळीवरची संघटना फाडा दर महिन्याला आरटीओतल्या नोंदणीवरून तो काढते. (त्यात तेलंगणा धरलेलं नव्हतं, म्हणजे अख्खा देशही नव्हे.) पण ऑक्टोबर एकटा उचलून बघायचा नसतो.

15 ऑगस्टला लाल किल्ल्यावरून जीएसटी कमी होणार असं सांगितलं गेलं आणि दर उतरले 22 सप्टेंबरला. 350 सीसीपर्यंतच्या दुचाकीवरचा कर 28 टक्क्यांवरून 18 वर आला. शोरूम किंमत 90 हजार असलेल्या गाडीचा हिशोब मांडून बघा, 7 हजारांचा फरक पडतो. महिनाभर थांबलं की 7 हजार वाचणार असतील, तर आपल्याकडं कोण घाई करेल? त्यातच पितृपंधरवडा, त्या दिवसांत तसंही कुणी गाडी घरी आणत नाही. पाच आठवडे अडून राहिलेलं गिऱ्हाईक नवरात्रापासून एकदम सुटलं आणि त्यातलं बहुतेक ऑक्टोबरच्या खात्यात पडलं.

महाराष्ट्रापुरतं आणखी एक. आपल्याकडं गाडी काढायचा मोठा मुहूर्त पाडवा. 2024 मध्ये पाडवा 2 नोव्हेंबरला होता, 2025 मध्ये 22 ऑक्टोबरला. मुहूर्तावर गाडी नेणाऱ्यांचं पासिंग कुणाचं चार दिवस आधी होतं, कुणाचं आठ दिवस नंतर. म्हणजे आधीच्या वर्षी नोव्हेंबरात गेलेल्या कितीतरी नोंदी या वेळी ऑक्टोबरात आल्या. पंचांग बाजूला ठेवून महिन्याशी महिना लावला की वाढ फुगते.

त्याच फाडानं सणासुदीच्या 42 दिवसांचा एकत्र हिशोबही दिला होता: सुमारे 52 लाख गाड्या आणि वाढ 21 टक्के. संघटना तीच, हंगाम तोच, आणि वाढ जवळपास निम्मी. पुढं नोव्हेंबरात दुचाकींची नोंदणी वर्षाच्या तुलनेत सुमारे 3 टक्क्यांनी उतरली. मेसेजमध्ये यातलं काहीच नाही.

‘मग शोरूमपुढं रांगा कुणाच्या?’

हाच प्रश्न मला सगळ्यात जास्त लागला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्या 40 लाखांत साडेएकतीस लाख दुचाकी आहेत. कारची वाढ 11 टक्क्यांच्या आसपास, दुचाकींची 50 च्या वर. म्हणजे वाढ मुख्यतः दुचाकीची. आणि आपल्या भागात दुचाकी म्हणजे दुधाचे कॅन, खताची गोणी, लेकराची शाळा, दवाखाना. एसटी दिवसातून दोनदा येणाऱ्या गावात ती चैन कधीच नव्हती.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ओळखीच्या एका गॅरेजवर बसलो होतो. मांजरा काठच्या गावातला एक जण छोट्या टेम्पोत घालून गाडी घेऊन आला. ती दोन दिवस पाण्याखाली होती. मिस्त्रीनं एअर फिल्टरचं झाकण काढलं तर आत भिजलेला गाळ आणि सोयाबीनचा पाला. ऑइल सोडलं तर चहासारखं पाणी आलं. इंजिन खोलायचा खर्च ऐकून तो माणूस गाडीच्या सीटवर हात ठेवून कितीतरी वेळ नुसता उभा राहिला. पाडव्याच्या आधी त्यानं नवी गाडी घेतली: डाउन पेमेंट मेहुण्याकडून, बाकी फायनान्स, 36 हप्ते. आरसीवर फायनान्सवाल्यांचा बोजा. जुन्या गाडीचे पाच हप्ते अजून बाकी होते.

आरटीओच्या नोंदीत ही एक नवी दुचाकी. फाडाच्या आकड्यात विक्री अधिक एक. त्या मेसेजच्या भाषेत ‘पैसा आहे लोकांकडं’. पासिंगची नोंद गाडी रस्त्यावर आली एवढंच सांगते. ती रोखीनं घेतली की कर्जानं, हौसेनं की जुनी वाहून गेली म्हणून, हे या बेरजेत कुठंच येत नाही.

आणि मुळात मेसेजमध्ये मराठवाड्याचा आकडा आहे कुठं? आपलं पासिंग म्हणजे एमएच 20 संभाजीनगर, 21 जालना, 22 परभणी, 23 बीड, 24 लातूर, 25 धाराशिव, 26 नांदेड, 38 हिंगोली, शिवाय अंबाजोगाईचं 44. यातल्या एकाचाही आकडा न देता देशाची बेरीज आपल्या माथी मारली आहे. त्यातही नंबरावरून शेत ओळखू येत नाही. औरंगाबादच्या उद्योजक-व्यावसायिकांनी 2010 च्या ऑक्टोबरात एकत्र मिळून 150 मर्सिडीज घेतल्या, सुमारे 65 कोटींच्या. देशभर गाजलं ते. एमएच 20 च्या त्या महिन्याच्या नोंदीवरून पैठण-गंगापूरच्या कोरडवाहू रानाबद्दल काय कळलं असतं? पुढं 2016 मध्ये याच मराठवाड्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं.

‘ट्रॅक्टरसुद्धा धडाधड गेले’

ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला. 8 लाखांच्या ट्रॅक्टरमागं 50 हजार वाचले. ज्याला घ्यायचाच होता त्यानं तेव्हा घेतला. शिवाय बीड-धाराशिवकडं ऑक्टोबरात ट्रॅक्टर का निघतात हे तिथल्या कुणालाही विचारा. 1 नोव्हेंबरपासून गाळप सुरू व्हायचं होतं. कारखान्याशी वाहतुकीचा करार करायचा, उचल घ्यायची, टोळी बांधायची, तर दारात ट्रॅक्टर लागतो. तो सोयाबीनच्या नफ्यातून आलेला नसतो, ऊस ओढून फेडायचा असतो. सोयाबीनचा हमीभाव 5,328 रुपये होता आणि हंगामाच्या तोंडावर बाजार त्याच्या खालीच होता, तोही ज्याच्या घरात माल आला त्याच्यासाठी.

‘कंपन्यांचे आकडे बघा’

बघितले. कंपनी जिला विक्री म्हणते ती कारखान्यातून डीलरकडं गेलेली गाडी. ती डीलरच्या यार्डात ऊन खात उभी असली तरी कंपनीच्या लेखी विकलेली असते. 2024 च्या सप्टेंबरअखेर देशभरातल्या डीलरांकडं 7 लाख 90 हजार कार पडून होत्या, 80 ते 85 दिवसांचा साठा, किंमत 79 हजार कोटी. हे फाडानंच जाहीर केलं होतं. म्हणून कंपनीची विक्री आणि आरटीओची नोंदणी एकाच वाक्यात मिसळू नये.

‘मदत मागायची सवय लागली आहे’

हे वाक्य लिहिणाऱ्यानं खरडून गेलेलं रान बघितलेलं नसावं. माती गेली की खाली मुरूम उघडा पडतो. त्यात पुढच्या जूनलाही पेरता येत नाही. सरकारनं 7 ऑक्टोबर 2025 ला 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी 47 हजार रोख आहेत. ते पंचनाम्यावरून मिळतात, गट नंबर टाकून. कुणाच्या पंचनाम्यात खोट असेल तर ती गट नंबरासकट दाखवा, मीही सोबत येतो. पण शेजारच्या तालुक्यातल्या कुणी दुचाकी काढली म्हणून याचा पंचनामा खोटा ठरत नाही.

आणि ज्यांना खरंच आपल्या भागाची गाड्यांची विक्री बघायची आहे त्यांच्यासाठी ‘वाहन’ डॅशबोर्ड, म्हणजे आरटीओतल्या नोंदणीचे आकडे दाखवणारी सरकारी वेबसाइट, उघडा आहे. राज्य निवडा, मग आपलं आरटीओ, मग दुचाकी, ट्रॅक्टर, मालवाहू वेगवेगळे काढा. ऑगस्ट ते नोव्हेंबर हे चार महिने एकत्र धरा आणि दोन वर्षांचे शेजारी-शेजारी ठेवा. अर्ध्या तासाचं काम आहे. तेवढं करून मग ग्रुपवर टाका, त्यावर बोलू.