खुलासा : पुंगळीचं तोंड करकचून आवळण्याचा सल्ला धोक्याचा, आणि बेकायदाही

पाटण-जावळीकडे रानडुकरांनी उभं पीक लोळवलं की बंदुकीचा विषय निघतोच. सध्या मोबाइलवर मजकूर फिरतोय : ‘परवाना असेल तर रायफलच्या रिकाम्या पुंगळ्या घरीच भरता येतात. गोळी सैल बसली तर पुंगळीचं तोंड करकचून आवळा.’ यातलं काहीही खरं नाही.

पुंगळी म्हणजे काडतुसाचं पितळी कवच. गोळीला मुख्यतः धरून ठेवते ती पुंगळीची मान, म्हणजे तोंडाकडचा अरुंद भाग. कड आवळणं, म्हणजे क्रिंप, ही फक्त वरची मदत. प्रमाणाबाहेर आवळलं की पितळ थोडं मागं उसळतं, गोळीतलं शिसं मात्र दबलेलंच राहतं आणि पकड उलट ढिली होते. शिवाय पुंगळीच्या खांद्याशी, म्हणजे मानेखालच्या उताराशी, फुगवटा येतो. नजरेला तो जाणवतही नाही, पण काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे बंदुकीत ते बसतं त्या जागेत, अडकायला तेवढा पुरतो. पुंगळ्यांची लांबी कमी-जास्त असेल तर प्रत्येकीचा आवळ वेगळा पडतो. आणि ढिली गोळी पुंगळीत आत सरकली तर बार उडताना दाब धोकादायक वाढू शकतो, तोही नेम धरणाऱ्याच्या डोळ्यापाशी!

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो, बंदूक बाळगण्याचा चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा निर्मितीला किमान ७ वर्षं, कमाल जन्मठेप आहे. अमेरिकेत पुंगळ्या भरणं हा घरगुती छंद आहे. तिथले व्हिडिओ बघून इथं कुणी हात घालू नये.

घरात गोळी हलणारी जुनी काडतुसं असतील तर ठोकू नका, आवळू नका. पोलीस ठाण्याला कळवा आणि ते सांगतील तशी जमा करा.