चार वर्षं नगरसेवक नव्हते, काय अडलं ते सांगते

सध्या नागपुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. आमच्या गल्लीच्या ग्रुपवर तो तीन जणांनी टाकला, माहेरच्या ग्रुपवर आला, भिशीच्या ग्रुपवरही आला. त्याचा सार असा: मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षं महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता, तरी शहर चाललं. उलट टक्केवारी बंद झाली, मेट्रो धावली, उड्डाणपूल झाले. मग निवडणुकांवर खर्च कशाला? महापालिकेला पैसा आणि अधिकार तरी कशाला? एक कडक आयुक्त द्या, मोठी कामं सरकारी कंपन्यांना द्या, पाणी-पर्यावरणासारखे शाश्वत विकासाचे विषय तज्ज्ञांवर सोडा. शेवटी सिंगापूर आणि चीनचा दाखला. १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं, १५१ जण निवडून आले, तरी मजकूर फिरतोच आहे. पाठवणारी माणसं माझ्या ओळखीची आहेत, वाईट नाहीत, आणि त्यांचा राग खरा आहे. म्हणूनच मुद्देसूद उत्तर लिहायला बसले.

‘नगरसेवक नव्हते, काय अडलं?’

आमच्या गल्लीपासून सुरू करते. या मधल्या काळात आमच्याकडे सिमेंट रोड झाला. रोड चांगला, गुळगुळीत. फक्त तो जुन्या डांबरी रस्त्याच्या डोक्यावरच ओतला, त्यामुळे शेजारच्या काकूंच्या उंबऱ्यापेक्षा चांगला वीतभर वर आला. पहिल्या जोराच्या पावसात पाणी त्यांच्या समोरच्या खोलीत शिरलं. गव्हाची कोठी खाली ठेवलेली, अर्धं धान्य भिजलं. त्या दिवशी दुपारी काकू पायरीवर बसून सुपात गहू पसरत होत्या आणि मला विचारत होत्या, “आता सांगाव कोणाले जी?”

मी त्यांच्यासोबत गेले. एका कार्यालयात सांगितलं, रोड आमचा नाही. दुसऱ्यात सांगितलं, रोड आमचा आहे, पण पावसाळी नाली आमच्याकडे येत नाही. मोबाइलवर तक्रार टाकली, तर आठ दिवसांनी ‘निकाली’ असा शेरा आला. आलं कोणीच नव्हतं. काकूंच्या मुलाने शेवटी स्वतःच्या पैशाने उंबऱ्यावर विटांचा बांध घातला. आता घरात शिरायचं तर आधी चढायचं, मग उतरायचं. काकूंचे गुडघे दुखतात.

पूर्वी गडर, म्हणजे गटार, तुंबलं की गल्लीतला कोणीतरी सकाळी सात वाजता नगरसेवकाच्या दारात उभा राहायचा. नगरसेवक काही संत नव्हता. पण त्याला संध्याकाळी त्याच रस्त्याने घरी जायचं असायचं आणि पाच वर्षांनी त्याच दारांवर मतं मागायची असायची. दुपारपर्यंत जमादार माणसं घेऊन यायचा. नगरसेवक नसताना कारभार पाहायला सरकारने प्रशासक म्हणून अधिकारी नेमला, त्याला आमच्या गल्लीतून जायचं कारणच नाही. त्यात त्या अधिकाऱ्याचा दोष नाही, त्याची नेमणूक वरून होते आणि त्याला उत्तरही वरच द्यायचं असतं.

हे झालं एका घरापुरतं. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरलेला नाही. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीने काठ सोडला. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, सीताबर्डी, मोरभवनचं बसस्थानक, सगळीकडे पाणी. माणसं दगावली, लष्कराला बोलवावं लागलं. नगरसेवक असते तर पूर आलाच नसता, असं मी म्हणणार नाही. सांडव्यासमोरचं बांधकाम आणि आवळत गेलेलं नदीचं पात्र हे काही एका वर्षात झालेलं नाही. पण पूर ओसरल्यावर काय झालं ते पाहा. ज्या सभागृहात त्या भागातल्या प्रतिनिधीने उठून “हे कोणी मंजूर केलं?” असं विचारायचं, ते सभागृह रिकामं होतं. लोकांना उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात याचिका घेऊन जावं लागलं. तलाव, सांडवा आणि नदी यांपैकी कशाची जबाबदारी कोणाची, हे तिथे एकेका यंत्रणेला विचारावं लागलं. वकील लावून विचारायचा प्रश्न महासभेत फुकट विचारता आला असता.

आणि ही चार वर्षं म्हणजे काही ठरवून केलेला प्रयोग नव्हता. संविधानाचं कलम २४३-यू सांगतं की महापालिकेची मुदत पाच वर्षांची, आणि पुढची निवडणूक ती संपायच्या आत झाली पाहिजे. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद कोर्टात गेले आणि ती लांबत गेली. ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्यायला सांगितलं, नंतर ३१ जानेवारी २०२६ ही शेवटची मुदत घातली, तेव्हा कुठे मतपेट्या हलल्या. घटनेने ठरवलेली गोष्ट न झाल्याने शहराचं भलं झालं, असं म्हणणाऱ्यांनी हाच नियम विधानसभेला लावून बघावा. आमदारांशिवाय चार वर्षं चालवून घ्याल का?

मेट्रोचंही एक बघा. नागपूरची मेट्रो मार्च २०१९ मध्ये धावायला लागली, तेव्हा महापालिकेत नगरसेवक होतेच. ती बांधली महामेट्रो या सरकारी कंपनीने. तिचं श्रेय प्रशासकाच्या राजवटीला जात नाही.

‘टक्केवारी तरी बंद झाली’

टक्केवारी असते. डोळे मिटून ती नाकारणाऱ्यांतली मी नाही. पण ती बंद झाली हे कशावरून? नगरसेवक असताना आयुक्त प्रस्ताव ठेवतो, स्थायी समिती मंजूर करते, आणि विरोधक आरडाओरडा करून दुसऱ्या दिवशी पेपरात आणतात. प्रशासकाच्या काळात प्रस्ताव ठेवणारा तोच आणि मंजूर करणाराही तोच. तिथे चोरी होतेच असं मी म्हणत नाही. झाली तर कळायची वाट कमी झाली, इतकंच म्हणते. आवाज बंद झाला म्हणजे चोरी बंद झाली, असं होत नाही.

‘एक कडक आयुक्त पुरे’

तो आला होता की. जानेवारी २०२० मध्ये तुकाराम मुंढे आयुक्त म्हणून आले आणि ऑगस्टमध्ये त्यांची बदली झाली. सात महिने. त्यांची पद्धत कोणाला पटली, कोणाला नाही. त्या वादात मला शिरायचं नाही. पण ज्यांना ते हवे होते त्यांनी विचार करावा: त्यांना ठेवायचं की हलवायचं हे नागपूरने ठरवलं का? ते मुंबईत ठरलं. शहरातले लेआउट आणि जमिनी बघणाऱ्या नागपूर सुधार प्रन्यासचंही (नासुप्र) तेच. २०१९ मध्ये मंत्रिमंडळाने नासुप्र बरखास्त करायचा निर्णय घेतला, पुढच्या सरकारने तो फिरवला. दोन्ही वेळा नागपूरकरांनी तो पेपरात वाचला. चांगल्या माणसावर शहर सोडलं, की त्या माणसाच्या बदलीबरोबर शहरही वाऱ्यावर.

‘महापालिका सरकारच्या पैशावर जगते, मग अधिकार कशाचे?’

हा मुद्दा सगळ्यात जास्त लाइक मिळवतो आणि सगळ्यात जास्त अन्यायाचा आहे. म्हणून इथे थोडं थांबते.

महापालिकेला स्वतःची कमाई होती, जकात. १ एप्रिल २०१३ पासून नागपुरात जकात जाऊन एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला. २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांसाठी एलबीटीही गेला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि उरलंसुरलं त्यात विरलं. त्याबदल्यात राज्य सरकार कायद्याने भरपाई देतं, दरवर्षी आठ टक्के वाढ धरून. म्हणजे घरातल्या कर्त्या बाईची पगाराची नोकरी सोडायला लावायची, महिन्याला तिच्या हातावर खर्चाचे पैसे ठेवायचे, आणि मग चार माणसांत म्हणायचं, ही आमच्या जिवावर जगते. शहर वाढतं, बाजार वाढतो, पण त्या वाढीतला वाटा शहराच्या तिजोरीत थेट येत नाही. उरतो तो घरटॅक्स, आणि तो वाढवला की आपणच मोर्चा काढतो.

हे नागपूरपुरतं नाही. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये महापालिकांच्या अर्थकारणावर अहवाल काढला. त्यानुसार भारतातल्या महापालिकांची कमाई आणि खर्च देशाच्या जीडीपीच्या साधारण एक टक्क्याच्या घरात आहे. ब्राझीलमध्ये हेच प्रमाण सुमारे सात टक्के आणि दक्षिण आफ्रिकेत सहा टक्के. हे दोन्ही आपल्यासारखेच विकसनशील देश, श्रीमंत युरोप नव्हे. ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ मध्ये बाराव्या अनुसूचीत १८ विषय शहरांसाठी लिहिले: नगररचना, पाणी, घनकचरा, पर्यावरण, झोपडपट्टी सुधारणा. कामं कागदावर दिली, पैसा वर ठेवला. नाग नदीच्या शुद्धीकरणाचा प्रकल्प दोन हजार कोटींच्या घरातला, त्यातला पंधरा टक्के वाटा महापालिकेने उभा करायचा. तो कशातून करणार? हातपाय बांधून पोहायला टाकायचं आणि बुडाला की म्हणायचं, याला पोहताच येत नाही.

‘शाश्वत विकास हा गल्लीतल्या पुढाऱ्यांचा विषय नाही’

संयुक्त राष्ट्रांची २०१५ ची शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टं सगळ्यांनी ऐकलेली असतात. त्यांच्या पोटात १६९ लक्ष्यं आहेत. ओईसीडी या प्रामुख्याने श्रीमंत देशांच्या संघटनेच्या अंदाजाप्रमाणे त्यातली निदान १०५ स्थानिक आणि प्रादेशिक शासनांना सोबत घेतल्याशिवाय गाठता येत नाहीत. कारण सोपं आहे. नळ, गडर, कचरा, झाड, शाळा, दवाखाना या गोष्टी दिल्लीत नसतात, वॉर्डात असतात.

भांडेवाडीचं नाव काढलं की आपल्याला कचऱ्याचा डोंगर आणि त्याला लागणाऱ्या आगी आठवतात. त्याच भांडेवाडीत आणखी एक गोष्ट आहे, ती या मजकुरात कधी येत नाही. महापालिकेने २००८ मध्ये महाजेनको या राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीशी करार केला आणि शहराचं सांडपाणी शुद्ध करून कोराडीच्या वीज केंद्राला द्यायचं ठरवलं. रोज १३० दशलक्ष लिटर, म्हणजे १३ कोटी लिटर. वीज केंद्राला लागणारं तेवढं स्वच्छ पाणी वाचलं, नदीत जाणारी तेवढी घाण कमी झाली, आणि महापालिकेला पाण्याचे पैसे मिळू लागले. केंद्राच्या जेएनएनयूआरएम या शहर सुधारणा योजनेचा पैसा त्यात होता, हे खरं. पण करार शहराच्या महापालिकेने केला, आणि तो केला तेव्हा सभागृहात नगरसेवक बसत होते. देशभरातून लोक हे काम पाहायला आले. आपण मात्र ते विसरलो.

आणखी जवळचं बघायचं तर गडचिरोलीतलं मेंढा (लेखा). २००९ मध्ये त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर. २०११ मध्ये ग्रामसभेला स्वतःचा बांबू विकण्यासाठी वाहतूक परवाना द्यायचा अधिकारही मिळाला. “दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार” ही त्यांची घोषणा. ग्रामसभेत निर्णय सर्वसंमतीने होतो, वेळ लागला तर लागतो. त्या गावात कोणी आयएएस अधिकारी राहत नाही. पण कोणत्या बेटातला बांबू यंदा तोडायचा आणि कोणता राखायचा, हे त्या माणसांइतकं कोणाला कळणार?

शहरातही हे होतं. ब्राझीलच्या पोर्तो आलेग्रेमध्ये १९८९ पासून वस्त्यांच्या सभा बजेटच्या एका भागाची प्राथमिकता ठरवू लागल्या. लोकांनी आधी मागितलं ते पाणी आणि गडर. १९८८ मध्ये ७५ टक्के घरांना या जोडण्या होत्या, १९९७ पर्यंत ९८ टक्के. शोभेचं कारंजं लोकांनी मागितलं नाही. आमच्या गल्लीलाही कोणी विचारलं असतं, तर आम्ही आधी नाली मागितली असती, रोड नंतर.

‘सिंगापूर बघा, चीन बघा’

बघूया. सिंगापूर हे शहर हाच देश आहे. तिथलं सरकार त्या एका शहरासाठीच निवडून येतं, वर कोणी मंत्रालय नाही. आणि सरकारी वसाहतींची झाडलोट, लिफ्ट, आवार बघायला तिथे १९८८ च्या कायद्याने टाउन कौन्सिल केल्या, त्या निवडून आलेले खासदार चालवतात. लिफ्ट बंद पडली तर लोक खासदाराला धरतात. चीनमध्ये मतदान आपल्यासारखं नाही, पण सरकारी खर्चातला ८० टक्क्यांहून जास्त खर्च स्थानिक शासनं करतात. आपल्याकडे ना चीनसारखा पैसा खाली आला, ना त्या चार वर्षांत आपलं मत मोजलं गेलं. तुम्ही दिलेली दोन्ही उदाहरणं माझ्या बाजूने बोलतात.

निवडणूक झाली म्हणून सगळं जुळलं असं मला वाटत नाही. महापौर अडीच वर्षांचा, कारभाराचे अधिकार आयुक्ताकडे. चार नगरसेवकांचा प्रभाग, त्यामुळे प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवू शकतो. अर्ध्या जागांवर बाया निवडून येतात, आणि अजूनही काहींचा फोन नवराच उचलतो. तुमचा राग इथे लावा. महापालिका मोडायची मागणी करू नका, तिला महापालिका व्हायला लावा. क्षेत्रसभेची तरतूद महाराष्ट्राच्या महापालिका कायद्यात आहे, वस्तीतल्या मतदारांनी एकत्र बसून कामांचा क्रम सुचवायचा. तुमच्यापैकी किती जण आजवर एखाद्या क्षेत्रसभेला गेलेत? मीही नाही गेले. कोणी भरवलीच नाही.

आमच्या प्रभागातल्या चारही नगरसेवकांना मी आणि काकूंनी मिळून एक पत्र लिहिलंय. क्षेत्रसभा बोलवा, आणि नवा रोड करण्याआधी जुना खरवडून उंची कायम ठेवा, एवढंच त्यात आहे. सोबत एक कागद जोडलाय. गल्लीतल्या बावीस घरांची यादी आणि प्रत्येक उंबरा रोडपासून किती सेंटिमीटर खाली आहे त्याचा आकडा. रविवारी सकाळी टेप धरून आम्हीच मोजलं. काकूंचा आकडा सगळ्यात मोठा निघाला, एकोणीस. पत्रावर पहिली सही त्यांचीच आहे.